सांगणे आणि मागणे

मराठी बाजारात विकणारा भाव सांगतो आणि घेणारा मागतो. 'आंब्याच्या पेटीचे किती सांगितले?' हा प्रश्न विक्रेत्याविषयी असतो. 'बैल साठ हजारांना मागितला होता, पण दिला नाही' हे वाक्य गिऱ्हाइकाविषयी. इंग्रजीत हेच क्रियापद उलट्या बाजूला आहे. तेथे किंमत मागतो तो विकणारा. भाषाभाषांतील असे फरक वर्गात उदाहरणादाखल बरे पडतात, आणि आम्ही दोघे पतिपत्नी, दोघेही मराठीचे अध्यापक, ते वर्षानुवर्षे देत आलो आहोत. २०२५ च्या दिवाळीनंतर आमची अकरा वर्षे वापरलेली मोटार विकण्याचे ठरले, तेव्हा मात्र या दोन क्रियापदांमधले अंतर प्रत्यक्ष आकड्यांत मांडण्याची वेळ आली. विकणाऱ्याने 'सांगायचे' म्हणजे काय सांगायचे? केवळ रक्कम, की त्या रकमेमागे जे जे आहे ते सारे?

गाडी २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी, एमएच-१२ क्रमांकाची, पहिल्यापासून आमच्याच नावावर. अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर पळालेली. तिचा भाव काढायला बसलो, तेव्हा पहिल्याच दिवशी तीन आकडे हाती आले आणि तिघांचे एकमेकांशी जमेना. विम्याच्या कागदावर एक लाख नव्वद हजार. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने देऊ केलेले दोन लाख पाच हजार. आणि त्याच वर्षाच्या, त्याच जातीच्या गाड्यांच्या जाहिरातींत दोन लाख सत्तर हजारांपासून तीन लाख दहा हजारांपर्यंत काहीही.

या तिन्ही आकड्यांना आपापले तर्कशास्त्र आहे, ही गोष्ट पुष्कळदा लक्षात घेतली जात नाही. विम्याचा आकडा घसाऱ्याच्या तक्त्यातून येतो. त्या तक्त्यानुसार पहिल्या सहा महिन्यांतच पाच टक्के वजा होतात, वर्षाच्या आत पंधरा, दुसऱ्या वर्षी वीस, तिसऱ्या वर्षी तीस, आणि चौथे वर्ष उलटून पाचवे पुरे होईपर्यंत पन्नास टक्के. पाच वर्षांनंतर तक्ता गप्प बसतो आणि रक्कम विमेदार व कंपनी यांच्या संमतीवर सोडली जाते. म्हणजे आमच्या कागदावरचा आकडा हे गाडीचे वर्णन नसून एका कराराचे कलम होते. व्यापाऱ्याचा आकडा कमी, म्हणून त्याला लुटारू म्हणण्याचेही कारण नाही. गाडी विकली जाईपर्यंत त्याचे पैसे अडकतात. जागेचे भाडे, डागडुजी आणि पुढल्या गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्या माथी असते. आणि २०२५ पासून जुन्या गाडीवरील त्याच्या नफ्याच्या फरकावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे. तुम्हीआम्ही घरची गाडी विकली तर हा कर लागत नाही. जाहिरातीतला आकडा तर केवळ इच्छा असते. त्या भावाला गाडी विकली गेली की नाही, हे जाहिरात कधीच सांगत नाही.

यावर एकच उपाय होता. ज्यांची तशीच गाडी नुकतीच खरोखर विकली गेली होती, अशा ओळखीच्या चौघांना हाती पडलेली रक्कम आम्ही विचारली. ती दोन लाख पंचाहत्तर हजारांच्या आसपास निघाली. तीही २२ सप्टेंबर २०२५ नंतरची, हे महत्त्वाचे. त्या दिवसापासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील कर अठ्ठावीस टक्के आणि वर एक टक्का उपकर यावरून अठरा टक्क्यांवर आला, नवी गाडी स्वस्त झाली, आणि शहरातल्या जुन्या गाड्यांचे मोल त्यांना कोणी हात न लावताही उतरले. किंमत वस्तूच्या अंगी असते, असे मानणाऱ्यांनी या तारखेचा जरूर विचार करावा.

'घसारा' आणि 'घासाघीस' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'घासणे' आहे. एकात काळ वस्तूला घासतो, दुसऱ्यात माणसे एकमेकांना. पहिल्याचा हिशेब त्या मानाने सोपा. आमच्या गाडीचे चारही टायर संपत आले होते; त्यांचे पंधरा हजार वजा केले. राहिले दोन लाख साठ हजार. दर वर्षीची सर्व्हिसिंगची बिले फाइलला होती, नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली होती, विम्याचे सात महिने बाकी होते, नोंदणी २०२९ पर्यंत वैध होती. या जमेच्या बाजू असल्या, तरी अशा गाड्यांच्या चालू भावात त्या गृहीतच धरलेल्या असतात, म्हणून त्यांचे वेगळे काही लावले नाही.

राहिली ती एकच गोष्ट, आणि ती कोणाला दिसणारी नव्हती.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंत ओढ्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. भिंती कोसळल्या, माणसे गेली, वाहने एकमेकांवर चढली. त्या रात्रीच्या मानाने आमचे काहीच गेले नाही. पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी सीटच्या उंचीपर्यंत पाण्यात राहिली, एवढेच. ती चालू केली नव्हती, त्यामुळे इंजिनात पाणी ओढले गेले नाही. खालचे कार्पेट, सीटचा फोम आणि वायरिंगची काही जोडणी बदलली, आणि त्यानंतरची सहा वर्षे तिने एकदाही दगा दिला नाही. परंतु पाण्यात राहिलेल्या तारांच्या जोडांवर गंज केव्हा चढेल हे कोणताच मेकॅनिक छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गॅरेजवाल्यांचा सल्ला होता, 'सर, विचारलं तर सांगा. आपणहून कशाला?' शेजारच्या काकांनी त्यात व्यवहारज्ञानाची भर घातली : 'अहो, सहा वर्षं झाली. आता तो दोष राहिला नाही, इतिहास झाला!' आमच्या दोघांतही एकमत नव्हते. एकाचे म्हणणे असे की, पुरापायी किंमत वीस हजारांनी उतरवली की आपले कर्तव्य संपले. घेणाऱ्याला दोषाचा मोबदला मिळाला, मग कारण सांगितले काय नि न सांगितले काय! हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, सवलत आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारण न सांगता दिलेली सवलत घेणाऱ्याला आपल्या घासाघिशीचे यश वाटेल. पुढे एखाद्या पावसाळ्यात दिवे लागेनासे झाले, तर कुठे पाहायचे हे त्याला कळणार नाही. मुख्य म्हणजे, हा धोका पत्करावा की नाही हे ठरवण्याचा त्याचा अधिकार आपण वीस हजारांना परस्पर विकत घेतलेला असेल.

जुन्या मोटारींच्या बाजारातील नेमक्या याच मौनावर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये एक निबंध लिहिला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत केला होता. पुढे २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अकरलॉफला नोबेल मिळाले. फसव्या गाडीला अमेरिकन बोलीत 'लेमन' म्हणतात. आपल्याकडे लिंबू गाडीवर टांगतात ते तिचे भले व्हावे म्हणून! निबंधाचे सार असे : गाडीतले खरे-खोटे विकणाऱ्यालाच ठाऊक असते. घेणाऱ्याला चांगली आणि वाईट यांतला फरक दिसत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. सरासरी आणखी उतरते आणि शेवटी लिंबेच उरतात. अकरलॉफने एक वर्ष दिल्लीत काढले होते. बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसणारी भारतीय गृहिणी त्याच्या निबंधात आहे. सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या आपल्या आई-आजी जे श्रम करीत, ते दुसऱ्या कोणाच्या तरी मौनाची किंमत म्हणून करीत, असे त्याचे म्हणणे आपल्या भाषेत मांडता येईल.

चाकणला आता मोटारींचे कारखाने आहेत, पण पुणे जिल्ह्याला ते गाव त्याआधीपासून ठाऊक आहे ते जनावरांच्या बाजारासाठी. तेथे बैलाचे वय विकणाऱ्याला विचारत नाहीत, दात पाहतात. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, ही भाषा किलोमीटरच्या आकड्यापेक्षा विश्वासार्ह, कारण मीटर मागे फिरवता येतो, दात फिरवता येत नाहीत. पण दातांवरून वय कळते, खोड कळत नाही. बैल मारका आहे की औताला बसकण मारतो, हे मालकालाच माहीत. जुन्या बाजारांत रुमालाखाली हातात हात घालून, बोटे दाबून भाव ठरवण्याची 'हत्ता' पद्धत होती. शेतमालाच्या बाजारांत पुढे उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो या झाकलेल्या हातांमुळेच. भाव उघड्यावर आणण्याचा नियम करता येतो. खोड उघड्यावर आणण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.

तेव्हा दोन लाख साठ हजारांतून पुराचे वीस हजार वजा करून दोन लाख चाळीस हजार ही रक्कम आम्ही वाजवी मानली, आणि पुराची हकीकत, बदललेल्या वस्तूंची यादी व बिलांच्या प्रती एका चिठ्ठीसह गाडीच्या फाइलला लावल्या. मात्र सांगताना दोन लाख पन्नास हजार सांगायचे ठरले. वरचे दहा हजार हा खोटेपणा नव्हे काय? 'एकच भाव'वाल्या दुकानांचे आपल्या शहराला असलेले कौतुक पाहता, तसे म्हणणारे पुष्कळ भेटतील. आम्हाला तसे वाटले नाही. सांगणे आणि मागणे ही जोडी आहे. विकणाऱ्याने जागाच ठेवली नाही, तर घेणाऱ्याचे क्रियापद त्याच्याकडून काढून घेतल्यासारखे होते. लपवलेला दोष आणि ठेवलेली जागा यांतला फरक एवढाच की, दुसरी गोष्ट दोन्ही पक्षांना ठाऊक असते.

खरे सांगण्याचे बक्षीस ताबडतोब मिळते, असे कोणी समजू नये. पहिल्या गृहस्थांनी चिठ्ठी वाचली, गाडीला दोन फेऱ्या घातल्या आणि म्हणाले, 'एवढं तुम्ही आपणहून सांगताय, म्हणजे न सांगितलेलं किती असेल!' ते गेले. त्यानंतरचे दोघे फोनवरच 'पुराची आहे का?' असे विचारून थांबले. तीन आठवड्यांत आमचा दोन लाख चाळीस हजारांचा वाजवी आकडा बाजाराला मान्य नसल्याचीच चिन्हे दिसू लागली, आणि व्यापाऱ्याचे दोन लाख पाच हजार अगदी उदार वाटू लागले. ती चिठ्ठी काढून ठेवावी, हा विचार घरात उच्चारला गेला नाही. पण तो घरात नव्हता असेही नाही.

शेवटी आला तो तासिका तत्त्वावर शिकवणारा एक तरुण. दोन महाविद्यालयांत तास, महिन्याच्या उत्पन्नाचा नेम नाही, आईला उपचारासाठी दर पंधरवड्याला गावाहून आणावे लागते. चिठ्ठी त्याने सावकाश वाचली, सोबत आणलेल्या मेकॅनिकला दाखवली आणि म्हणाला, 'सर, मॅडम, मी दोन लाख वीस हजारांना मागतो.'

त्याच्या परिस्थितीकडे पाहून तेवढ्यालाच द्यावी, असे मनात आले. आम्ही तसे केले नाही, आणि त्याचे कारण कंजूषपणा नव्हे. किंमत आणि मदत एकाच रकमेत मिसळली की घेणारा गिऱ्हाईक राहत नाही, उपकृत होतो. आणि उपकृत माणूस पुढे तक्रार करू शकत नाही. आमच्या व्यवसायात तर हे रोज दिसते. उत्तराला दिलेले गुण आणि विद्यार्थ्याविषयीची कणव एकत्र झाली की त्या गुणांना अर्थ उरत नाही. कणव दाखवायची तर तिच्यासाठी वर्गाबाहेर पुष्कळ जागा आहे. तो वाढत गेला, आम्ही उतरत गेलो, आणि सौदा दोन लाख अडतीस हजारांना ठरला.

'वाजवी' हा शब्द अरबी 'वाजिब'वरून आला. वाजिब म्हणजे जे करणे बंधनकारक आहे ते. म्हणजे वाजवी किंमत ही मुळात परवडणारी किंवा मधली किंमत नव्हे, तर दुसऱ्याचे जे देणे लागतो ते दिल्यानंतर उरणारी किंमत. यातले काही देणे कायद्यानेही सांगितले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवावे लागते. नोंदणी ज्याच्या नावावर राहिली, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, मग मध्ये गाडीचे कितीही हात बदललेले असोत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. त्यामुळे एकोणतीस आणि तीस क्रमांकाच्या फॉर्मवर सह्या करून आम्ही थांबलो नाही. गाडी त्याच्या नावावर चढेपर्यंत पाठपुरावा केला.

पुराची चिठ्ठी मात्र कोणत्याही फॉर्मचा भाग नाही. तो तरुण दोन-चार वर्षांनी ही गाडी विकेल, तेव्हा दोन लाख अडतीस हजारांचा हा आकडा कोणाच्या कामाचा उरणार नाही. चिठ्ठी उपयोगी पडेल. ती फाइलमध्ये ठेवायची की काढून टाकायची, हे तेव्हा भाव सांगण्याची पाळी ज्याची असेल, त्याने ठरवायचे.