समोरच्या गच्चीवरून

मे २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, माझा भाचा पुण्याहून आला, तेव्हा त्याच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का होता. १४ दिवस घराबाहेर पडायचं नाही. भावाचं गाव घाटंजीकडे आणि गावकऱ्यांनी वेशीवर बल्ल्या आडव्या टाकलेल्या. म्हणून एकोणीस वर्षांचं ते पोरगं आमच्याकडे, यवतमाळच्या ले-आउटमध्ये राहिलं. त्याला वरची खोली दिली. ताट-वाटी वेगळी, दाराशी पाण्याची कॅन, आणि बोलायचं ते गच्चीवर उभं राहून खिडकीच्या जाळीतून.

चौथ्या दिवशी पहाटे त्याच्या खोलीतल्या कूलरचं पाणी संपलं. आम्हाला उठवायला नको म्हणून तो बादली घेऊन अंगणातल्या नळावर आला आणि पाच मिनिटांत परत वर गेला. दहा वाजता दोन माणसं चौकशीला दारात. शिक्का मारलेला मुलगा रस्त्यावर फिरतो, असा कुणीतरी फोन केला होता. ती माणसं नीट बोलली, सूचना दिल्या आणि गेली. फोन कुणी केला ते आम्हाला कळलं होतं. आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा आला, कुणाचा गॅस संपला हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्या माहितीच्या जोरावरच आम्ही वीस वर्षं एकमेकांच्या अडीअडचणीला धावलोय. त्याच नजरेने आता आमच्या पोराला पकडून दिलं होतं. त्या दिवशी त्याने कूलर लावलाच नाही. पारा ४४ च्या आसपास, आणि हा उघड्या फरशीवर पडून.

सिनेमाची कल्पना त्याचीच. मी आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते, त्यामुळे घरात एक छोटा प्रोजेक्टर आहे. रात्री गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर पांढरी चादर लावली. तो आत खिडकीशी, आणि आम्ही बाहेर: मी, माझे यजमान, सासरे, आणि मधल्या भिंतीपलीकडे त्यांच्या गच्चीवर अंथरुणं टाकून बसलेल्या शेजारच्या काकू. झोपलेल्यांना त्रास नको म्हणून आवाज अगदी बारीक. इंग्रजी सिनेमा. अडेल तिथे भाचा जाळीतून मराठीत सांगायचा.

‘डिस्टर्बिया’ हा २००७ चा सिनेमा, डी. जे. करुसो याने दिग्दर्शित केलेला. केल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा. मोटारीच्या अपघातात डोळ्यांदेखत वडील गेलेले, आणि गाडी तोच चालवत होता. पुढे शाळेत शिक्षक वडिलांवरून बोलतात, तो त्यांना ठोसा मारतो आणि त्याला तीन महिने घरकैद होते. पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा. स्वयंपाकघरातल्या यंत्रापासून शंभर फुटांपलीकडे पाऊल पडलं की पोलीस हजर. करायला काही नाही म्हणून तो दुर्बिणीतून शेजाऱ्यांची घरं बघत बसतो. मग त्याला वाटू लागतं, की शेजारचा टर्नर बायकांचे खून करतोय.

पायातला पट्टा दिसला आणि आमच्या गच्चीवर सगळे एकदम गप्प झाले. भाच्याने हात खिडकीखाली घेतला, ते मी पाहिलं.

सिनेमा संपल्यावर बोलणं तासभर चाललं. सासरे एसटीतून निवृत्त झालेले. १९६४ सालचा राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ त्यांनी थिएटरात पाहिलेला आणि त्यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ निघाला, हे ते अजून अभिमानाने सांगतात. ते म्हणाले, “खुनी कोण ते अर्ध्यातच समजून जाते. मग सस्पेन्स कायचा?” मला ते पटलं नाही. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगा, मग पात्रांना निवांत गप्पा मारू द्या, त्यातून जीव टांगणीला लागतो, हे हिचकॉकचं म्हणणं मला खरं वाटतं. केलचा मित्र टर्नरच्या घरात शिरतो तेव्हा सासऱ्यांनी स्वतः माझ्या यजमानांचा दंड धरून ठेवला होता.

यजमानांना मूळ गोष्ट माहीत होती. हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ १९५४ चा. त्यात पाय मोडलेला फोटोग्राफर चाकाच्या खुर्चीतून समोरच्या खिडक्या पाहतो. कथा कॉर्नेल वुलरिचची, १९४२ सालची. ‘डिस्टर्बिया’वर तिच्या हक्कांवरून खटलाही झाला आणि २०१० मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने तो फेटाळला. नुसती कल्पना कुणाच्या मालकीची होत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. यजमानांचं मत मात्र ठाम होतं: “मूळ ते मूळ. पायाचा पट्टा तेवढा नवीन.”

काकूंना तो मुलगाच आवडला नव्हता. “काहून पाहते ते पोट्टं लोकायच्या घरात? त्याच्या मायनं आधीच दुर्बीण हिसकून घ्याले पाह्यजे होती.”

“पण काकू, त्याने पाहिलं म्हणून तर खुनी सापडला,” मी म्हटलं.

“सापडला म्हणून बरं झालं. अन् नसता सापडला तं?”

यावर कुणीच बोललं नाही. मग जाळीमागून भाचा म्हणाला, “आत्या, मी पूर्ण पिक्चर केलच्या बाजूने पाहिला. संपल्यावर लक्षात आलं, या ले-आउटमध्ये मी केल नाही. मी टर्नर आहे.”

आवाजात रडू नव्हतं. गणिताचं उत्तर सांगावं तसं तो बोलला, आणि मला त्या रात्री झोप आली नाही.

काकूंनी विचारलं तेच मी पहाटेपर्यंत घोळवत राहिले. ‘डिस्टर्बिया’ चांगला बांधलेला सिनेमा आहे. पहिल्या प्रसंगातलं बापलेकांचं मासे पकडणं इतकं मायेने दाखवलंय, की पुढे त्या मुलाचं काहीही आपण माफ करतो. माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. टर्नरच्या घराखाली खरोखर प्रेतं निघतात आणि तिथे आधीचं सगळं डोकावणं धुऊन निघतं. ‘रिअर विंडो’तही पाहणाराच खरा ठरतो. असे दहा सिनेमे पाहून माणसाला वाटू लागतं, की आपला संशय म्हणजे अर्धा पुरावाच. मग कोणी पहाटे बादली घेऊन नळावर आलेला दिसला, की हात फोनकडे जातो.

मला आठवला तो आपला ‘बिनधास्त’. १९९९ चा, चंद्रकांत कुलकर्णींचा. शर्वरी जमेनीस आणि गौतमी गाडगीळ या कॉलेजातल्या जिवलग मैत्रिणी, एका थट्टेतून खुनाचा संशय त्यांच्यावरच येतो, आणि पडद्यावर जवळजवळ सगळ्या बायकाच. पुढच्याच वर्षी प्रियदर्शनने तो तमिळमध्ये नेला. आम्ही होस्टेलच्या सहाजणी तो पाहून आलो तेव्हा रिक्षातही भांडत होतो. एकीला वाटत होतं, पोरींनी थट्टा इतकी ताणायलाच नको होती. दुसरी म्हणत होती, खुनाचा संशय आल्यावर एक मैत्रीण दुसरीला सोडून गेली असती. मी त्या वयात फक्त घाबरले होते. आता वाटतं, त्या सिनेमाने आम्हाला बरोबर जागी बसवलं होतं: ज्यांच्यावर बोट रोखलेलं आहे त्यांच्या शेजारी. तिथे बसलं, की बोट रोखणाऱ्याचा चेहरा दिसतो.

तेराव्या दिवशी भाच्याच्या हातावरची शाई फिकी पडली होती. लिंबू आणि कपड्यांची पावडर लावून उरलेलीही तो घासत बसला होता. मी म्हटलं, एक दिवस थांब, उद्या पुसू. त्याने ऐकलं.

पंधराव्या दिवशी सकाळी तो पहिल्यांदा गेटपर्यंत गेला. रस्त्यापलीकडच्या गेटवर, ज्या घरातून फोन गेला होता तिथला आठवीतला मुलगा मास्क लावून उभा होता. दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले. मग त्या पोराने रस्ता ओलांडून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं, “दादा, त्या दिवशी चादरीवर कोणता पिक्चर लावला होता?”

“तू पाहिला?”

“आमच्या गच्चीवरून पुरा पाह्यला. आवाज नाही आला पण.” तो जरा घुटमळला. “मले वाटलं, तो दुर्बीणवालाच मर्डर करून रायला. पण शेवटी तं त्याच्या आईलेच बांधून ठेवलं होतं कोणी. काय झालं होतं?”

भाचा गेटला टेकला आणि अगदी पहिल्यापासून, मासे पकडण्यापासून, त्याला गोष्ट सांगू लागला. समोरच्या घरातला पडदा थोडा सरकलेला होता. मी आत गेले आणि दोघांसाठी लिंबाचं सरबत करायला घेतलं.