पुस्तक आबांपर्यंत पोहोचलं

वाचकहो, इतकी वर्षं तुमच्या बांधावर आलो तो बियाणं, खत आणि कीड यांविषयी बोलायला. आज मात्र एका पुस्तकाविषयी सांगणार आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपानं आली. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथं आलेला तरुण मास्तर, आणि शेवटी दुष्काळानं ओस पडलेली घरं, अशी ती गोष्ट. कृषी महाविद्यालयात असताना मी ती एका रात्रीत वाचून काढली. सुट्टीत घरी आलो आणि आबांना वाचून दाखवायला बसलो. आबांना अक्षरओळख नव्हती. दोन पानं होताहेत तोच आबा भिंतीला टेकून घोरू लागले. मी चिडलो. आई म्हणाली, "आरं, साळंतला धडा वाचल्यावानी वाचतुयास. माणसं बोलत्यात तसं बोल की."

दुसऱ्या दिवशी वर्णनं गाळली. मास्तर आणि कारभारी यांचं बोलणं तेवढं आमच्या बोलीत, आवाज बदलून म्हटलं. आबा जागे राहिले, हुंकार देऊ लागले. माडगूळकरांनी स्वतः पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात कितीतरी वर्षं काम केलं, हे मला मागाहून कळलं. कानाचं गणित त्यांना ठाऊक असणारच. कानाला पान उलटून मागं जाता येत नाही. तिथं वाक्य आखूड हवं आणि कोण बोलतंय ते आवाजावरून कळायला हवं.

१९९५ साली अमोल पालेकरांनी या कादंबरीवर चित्रपट केला. पुढं तो टीव्हीवर लागला, तेव्हा आबांच्या शेजारी बसून माझी कुरकुर चालली होती, "पुस्तकातलं हे कुठाय? ते कुठाय?" पुस्तकात मास्तर आपल्या मनातलं स्वतः सांगतो. पडद्यावर मन दिसत नाही. तिथं चेहरे, माळ आणि मेंढरंच बोलतात. हे मला तेव्हा उमजलं नव्हतं.

आबा मात्र गप्प होते. वाडीवर दुष्काळ आला तसं त्यांनी उपरणं डोळ्याला लावलं. सिनेमा संपल्यावर म्हणाले, "बहात्तरला आमीबी आसंच घर सोडलं. तू कडंवर हुतास. तुझी थोरली भन वाटंतच गेली."

मला एक थोरली बहीण होती, हे मला त्या रात्री कळलं. आई चुलीपुढून उठली नाही. तिनं नुसतं नाव सांगितलं.

वाचकहो, तेव्हापासून 'पुस्तकातलं गाळलं' ही तक्रार मी सोडून दिली. बोंडअळीची माहितीसुद्धा छापील कागदावरून वाचून न दाखवता, दोन शेतकऱ्यांच्या बोलण्यासारखी करून सांगतो.

तुमच्या घरी वाचता न येणारं म्हातारं माणूस असेल, तर आज जेवणं झाल्यावर त्याला एखादी गोष्ट बोलून दाखवा. आणि ती संपली की लगेच उठू नका. थोडा वेळ तिथंच बसून राहा.