मासा किती हातावर हाय, ते आधी बघा

नेहमी उसावर लिहितो, आज पाण्यातलं लिहितो.

आमचं रान उजनीच्या फुगवट्याला. 1980 ला धरण पुरं झालं आणि भीमाकाठची काळी रानं पाण्याखाली गेली, त्यात आमचीबी गेली. तेव्हा मी शाळेत होतो. बांध कुठं होता, विहीर कुठं, बाभळी कुठं, हे अजून ध्यानात हाय. आता त्याच रानावर होडी नेतो आणि गळ सोडतो. परवाना काढलेला हाय.

बुडालेलं झाड, जुनी ताल, विहिरीचा काठ, अशा जागेला मासा धरून असतो. तिथं आडोसा मिळतो, खाणं मिळतं. पण जागा सापडली म्हणजे झालं असं नाही. मासा किती खोल हाय ते कळायला पायजे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. त्यात उन्हाळ्यात वरचं पाणी तापतंय आणि तळाला कुजकं साचून तिथं प्राणवायू कमी पडतोय. मग बराच मासा मधल्या पाण्यात येऊन थांबतो.

त्यासाठी उभी दोरी बरी. होडी झाडाच्या बुंध्याला बांधायची, हलू द्यायची नाही. दोरीला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारायच्या. खाली शिसं, त्याच्या वर गळ, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. शिसं तळाला टेकलं की हातभर वर घ्यायचं. दुसरी दोरी तिच्यापेक्षा चार हात वर ठेवायची. जी आधी ओढली, तिच्या गाठी मोजायच्या आणि दोन्ही दोऱ्या त्याच मापावर आणायच्या. होडीतनं सरळ खाली सोडलेली दोरी फांद्यांत कमी अडकती.

दुसरा प्रकार ओढत्या गळाचा. मोकळ्या पाण्यात होडी सावकाश वल्हवायची, दोरी मागं सोडलेली. वेग वाढला की गळ वर येतो, कमी केला की खाली जातो. म्हणजे खोली आपल्या वल्ह्यात हाय. बारक्या माशामागं पळणारा शिकारी मासा याला लागतो.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, तर ते भुकेले नसतात, त्यांना प्राणवायू कमी पडलेला असतो. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच खातं. आभाळ आलं, वारा पडला की जास्तच. शेततळ्यात मासे असणाऱ्यांनी त्या सकाळी खाद्य टाकू नये, पंप लावून पाणी तळ्यातच वरनं कारंज्यासारखं पाडावं.

आता मुख्य बोलायचं ते. खोली कळाली की मापाचा मासा चार तासांत घरापुरता मिळतो. पण बारीक आसाचं वडाप ओढलं की बोटाएवढी पिल्लंबी येत्यात. कटल्याला अंडी घालायच्या वयात यायला दोनेक वर्षं लागत्यात. पिल्लू उचललं म्हणजे पोटरीत नसलेली ज्वारी कापल्यासारखं हाय. आपण हुरड्याच्या आधी रानात विळा घालतो का? धरणात रानं गेली, तवा कितीतरी घरांनी याच पाण्यावर पोट भरलं. जाळं टाकणाऱ्यानं टाकावं, त्याचा धंदाच हाय. पण आस मोठा ठेवावा. बियाणं खाऊन शेती होत नाही.

आणि पोरांनो, वारा बघून होडी काढा. 2024 च्या मे महिन्यात कुगाव-कळाशीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं बोट उलटली, सहा माणसं गेली. एवढं रुंद पाणी, लाट उठायला वेळ लागत नाही. पोहता येत असलं तरी अंगात लाइफ जॅकेट पायजेच. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर मी होडी काठाला बांधूनच ठेवतो.

तुमच्या धरणात, तलावात यंदा मासा किती हातावर लागतोय? खाली लिहा. पाण्याचा रंगबी लिहा, म्हणजे ताळा लागंल.