आडव्या अक्षावर काय घ्यावें?

वर्गांत आलेख काढावयास सांगितला, कीं विद्यार्थी प्रथम पट्टी शोधतात, दोन अक्ष आंखतात आणि मग विचारतात, "सर, आडव्या अक्षावर काय घ्यायचें?" पाठ्यपुस्तकांत या प्रश्नाचें उत्तर तयार असतें, म्हणून तो क्षुल्लक वाटतो. परंतु जेथें उत्तर कोणीं देऊन ठेवलेलें नाहीं, तेथें अर्धी विद्या या एका प्रश्नांत सामावलेली असते, असें आम्हांस वाटतें. याचें एक सुंदर उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे.

जुन्नर तालुक्यांतील खोडद गांवाजवळ एक प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ही एक दुर्बीण होते. त्यांपैकीं १४ मध्यभागीं सुमारें एक चौरस किलोमीटरांत उभ्या आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांस गेलेल्या तीन बाहूंवर पसरल्या असून दूरदूरच्या तबकड्यांमधील अंतर सुमारें २५ किलोमीटरांपर्यंत जातें. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही विद्यार्थ्यांसह ती पाहावयास गेलों, तेव्हां आंत ताऱ्यांचीं चित्रें दिसतील अशी मुलांची अपेक्षा होती. दिसले ते नुसते ठिपक्यांचे आलेख!

कारण अशी दुर्बीण छायाचित्र घेत नाहीं. दोन दोन तबकड्यांच्या जोड्या लावून, आकाशांतील एकाच ठिकाणाहून आलेली लहर त्या दोहोंवर कशी पोंचली याची ती तुलना करते. ३० ला २९ नें गुणून २ नें भागलें, म्हणजे जोड्यांची संख्या ४३५ येते. प्रत्येक जोडी क्षणोक्षणीं, प्रत्येक वारंवारतेस, दोन आंकडे देते: एक आयाम, म्हणजे दोन लहरींचा मेळ किती जोरदार आहे तें, दुसरी कला, म्हणजे एक लहर दुसरीच्या मानानें किती मागें वा पुढें आहे तें. एका रात्रींत आंकड्यांचा डोंगर होतो. त्यांतून गणितानें चित्र घडवावयाचें असतें. पण आधीं आंकडे निर्दोष आहेत कीं नाहींत, हें आलेखांवरून पारखावें लागतें.

उभ्या अक्षावर आयाम व आडव्या अक्षावर वेळ घेऊं. ज्याचें तेज स्थिर आहे अशा बिंदुवत् उगमाकडे दुर्बीण वळविली, तर ठिपके सपाट पट्ट्यांत बसावयास हवेत. एखादी तबकडी मध्येंच बंद पडली, तर तिच्या सर्व २९ जोड्या एकदम खालीं येतात आणि दोष कोठें आहे तें कळतें. परंतु याच आलेखांत सर्व वारंवारतांची सरासरी घेतली असेल, तर जवळच्या एखाद्या प्रक्षेपण-मनोऱ्याचा सूर त्या सरासरींत दडून राहूं शकतो. आडव्या अक्षावर वारंवारता घेतांच तो खांबासारखा उभा राहतो.

आतां आडव्या अक्षावर जोडींतील अंतर घ्या. उगम बिंदुवत् असेल, तर आयाम सर्व अंतरांस सारखा राहतो. उगम पसरट असेल, तर अंतराबरोबर तो घटत जातो. वेळेच्या आलेखांत हीच घट केवळ विस्कळीत गर्दी दिसते. घाईचा मनुष्य दूरच्या जोड्या बिघडल्या असें समजून त्यांचे आंकडे खोडून टाकील, आणि त्यांबरोबर उगमाच्या आकाराची खूणच नाहींशी होईल.

आणखी एका आलेखांत मोजलेलें तेज मुळींच नसतें. उगमाच्या बाजूनें पाहतां जोडींतील अंतर पूर्वपश्चिम किती व दक्षिणोत्तर किती, एवढेंच दोन अक्षांवर घेतात. पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडी त्यांत एक कंस रेखाटते. पृथ्वीच्या या फिरण्याचा उपयोग करून घेण्याची रीत केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनीं विकसित केली. १९७४ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. कंसांमधील कोऱ्या जागा सांगतात, कीं येथें आपण कांहींच मोजलेलें नाहीं. आपलें अज्ञान असें उघडपणें दाखविणारा आलेख आम्हांस विशेष आवडतो.

अक्ष तोच ठेवून त्याचें प्रमाण बदललें, तरीहि केवढा फरक पडतो! १९६७ सालीं केंब्रिज येथेंच जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनी एका रेडिओ दुर्बिणीचे कागदी पट्टीवरील आलेख तपासीत होत्या. एके ठिकाणीं त्यांस एक विचित्र बारीक खूण दिसली. पुढें कागद जलद सरकवून वेळेचा अक्ष ताणला, तेव्हां त्या खुणेचे सुमारें १.३३ सेकंदांच्या अंतरानें पडणारे स्वतंत्र ठोके दिसूं लागले. मनुष्यास कळलेला हा पहिला स्पंदक तारा होय.

पालक म्हणतील, आमच्या मुलांस याचा काय उपयोग? शिक्षकाच्या गुणवहींतहि आंकड्यांचा ढीगच असतो. दोन वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यास वरच्या वर्गांत घालावें कीं नाहीं, असा प्रश्न आमच्यापुढें आला. परीक्षांच्या क्रमानें त्याचे गुण मांडले, तर रेघ खालींवर कशीहि धांवत होती. 'अभ्यासांत लक्ष नाहीं' असा शेरा सहज देतां आला असता. आम्हीं तेच गुण चांचणीच्या वेळेप्रमाणें मांडून पाहिले. सकाळच्या चांचण्यांत तो मागें होता. दुपारच्या चांचण्यांत पहिल्या दहांत. घरीं विचारतां कळलें, कीं पहांटे उठून, गोठ्याचें काम आटोपून व गांवांत दूध घालून तो शाळेंत येई. वडिलांनीं काम भावंडांत वांटून दिलें, आम्हीं चांचण्यांच्या वेळा बदलल्या, आणि मुलगा आपल्या वर्गाबरोबर पुढें गेला. जुना एकहि गुण बदलला नव्हता. बदलला होता तो केवळ आडवा अक्ष.

मात्र मनाजोगें दिसेपर्यंत अक्ष बदलीत राहणें ही विद्या नव्हे, ती लबाडी होय. म्हणून विद्यार्थिमित्रहो, आलेख काढण्यापूर्वीं आपणांस काय विचारावयाचें आहे तें एका वाक्यांत वहींत लिहावें, अक्ष मग ठरवावा, आणि एका आलेखावर विसंबूं नये. पालकांसहि आमची विनंती आहे, कीं प्रगतिपुस्तक हातीं आल्यावर मुलावर रागावण्यापूर्वीं तेच आंकडे निदान आणखी एका रीतीनें मांडून पाहावे.