मोनोची बाजू

संपादकांनी विषय दिला : साठच्या दशकातल्या रॉक बँडांच्या आठवणी. आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. मी जुन्या रेकॉर्ड आणि टेपांवरचा आवाज संगणकावर उतरवून साफ करून देतो, तेव्हा मी आवाजाबद्दलच लिहिणार. आणि त्याबद्दल माझी जुनी तक्रार आहे. ज्या आवाजाच्या आठवणीने लोकांचा ऊर भरून येतो, तो आज त्यांच्या कानांवर पडतच नाही. मोबाइलवर ‘बीटल्स’ लावले की ऐकू येतं ते बहुतेक वेळा स्टिरिओ. त्या काळच्या पोरांनी ऐकलं ते मोनो.

मोनो म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने येणारा. डावं-उजवं असं काही नाही. १९६३ साली इंग्लंडमधल्या पोरांकडे एका स्पीकरचा रेकॉर्ड प्लेअर असायचा, नाहीतर ट्रान्झिस्टर. त्यामुळे लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत ‘बीटल्स’चे निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक नॉर्मन स्मिथ यांचं लक्ष मोनोवरच असे. ‘बीटल्स’च्या ‘प्लीज प्लीज मी’ या पहिल्या एलपीतली १४ पैकी १० गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात मुद्रित झाली, दोन ट्रॅकच्या टेपवर. एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर गळे. हे ट्रॅक डाव्या-उजव्या कानासाठी नव्हतेच. मोनो करताना गळा किती वर ठेवायचा, वाद्यं किती दाबायची हे नंतर ठरवता यावं, एवढ्यासाठी ते वेगळे ठेवले होते. पुढे स्टिरिओ एलपी काढताना तेच दोन ट्रॅक दोन बाजूंना टाकले गेले. म्हणून हेडफोन लावला की गाणारे एका कानात, ड्रम दुसऱ्या कानात आणि मधे मोकळं मैदान. यालाच लोक ‘ओरिजनल स्टिरिओ’ म्हणतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

१९६७च्या ‘सार्जंट पेपर’ या एलपीचं मोनो मिक्सिंग ‘बीटल्स’नी स्वतः जातीने लक्ष घालून करवून घेतलं. स्टिरिओ मागाहून, थोडक्या वेळात उरकलं गेलं. फरक ऐकायचा असेल तर ‘शीज लीव्हिंग होम’ दोन्हींत ऐका. मोनोत टेप किंचित वेगाने फिरवली आहे, त्यामुळे गाणं जवळजवळ अर्ध्या सुराने चढं आहे आणि रडवेपणाकडे झुकत नाही. स्टिरिओत तेच गाणं रेंगाळतं. एवढी वर्षं जगाने रेंगाळणारंच खरं मानलं. २०१७ साली जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स याने नवं स्टिरिओ मिक्स केलं, तेव्हा त्याने मोनोचाच वेग धरला. तो दिवस माझ्यासारख्यांना सणासारखा होता. अमेरिकेत ‘बीच बॉइज’च्या ब्रायन विल्सनला एका कानाने ऐकूच येत नसे, १९६६चं ‘पेट साउंड्स’ त्याने मोनोत केलं आणि त्याचं खरं स्टिरिओ मिक्स यायला १९९७ उजाडलं.

आपल्याकडेही मोनोचंच राज्य होतं. जानेवारी १९६८मध्ये ‘बीटल्स’चा जॉर्ज हॅरिसन मुंबईत फोर्टमधल्या एचएमव्ही स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताचं ध्वनिमुद्रण करायला आला, तेव्हा तिथे फक्त मोनो यंत्र होतं. एचएमव्हीचे भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी कलकत्त्याहून रेल्वेने दोन ट्रॅकचं यंत्र आणवलं.

माझ्या कामातही मोनो-स्टिरिओचा फरक पहिल्यापासून येतो. मोनो रेकॉर्डची खाच फक्त आडवी हलते. स्टिरिओची आडवी आणि उभी, दोन्ही. म्हणजे मोनो रेकॉर्डवर सुई जेवढी वर-खाली होते, ते संगीत नसतं. धूळ आणि झीज असते. दोन्ही चॅनेल एकत्र केले की ही उभी हालचाल एकमेकींना खाऊन टाकते आणि खरखर लक्षणीय उतरते. सुईही निराळी लागते, कारण जुन्या सुया जिथे घासून गेल्या त्याच्या थोडं वर किंवा खाली खाचेची भिंत अजून शाबूत असू शकते. निम्मी सफाई इथेच होते, संगणक चालू करण्याआधी. हे सांगितलं तरी लोक ‘सॉफ्टवेअर कुठलं?’ एवढंच विचारतात.

सॉफ्टवेअरला खराबी आणि कला यांतला भेद कळत नाही. १९६४च्या ‘यू रिअली गॉट मी’साठी ‘किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला. तो फाटका आवाज म्हणजेच ते गाणं. सॉफ्टवेअर त्याला दोष समजतं आणि इमानेइतबारे गुळगुळीत करायला बसतं. टेपची सरसर आणि झांजेची किणकिण आवाजाच्या एकाच पट्ट्यात राहतात, त्यामुळे सरसर काढली की झांजही थोडी जाते. ‘अगदी नव्यासारखं करा’ म्हणणाऱ्यांना हे पटत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गृहस्थ ‘प्लीज प्लीज मी’ची मोनो प्रत घेऊन आले. थोरल्या भावाने लंडनहून आणलेली. भाऊ आता नाहीत. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ‘ट्विस्ट अँड शाउट’. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ‘बीटल्स’च्या जॉन लेननला सर्दी होती, घसा बसला होता, म्हणून ते दिवसाच्या शेवटी ठेवलं आणि पहिलाच टेक वापरला. रेकॉर्डवरही ते सर्वांत आत, मध्याजवळ येतं. तिथे एका फेऱ्यात सुईखालून खाच कडेच्या मानाने निम्म्याहून कमी सरकते, तेवढ्यातच सगळा आवाज कोंबलेला असतो, आणि झीज तिथेच जास्त जाणवते.

‘अहो, ते शेवटचं तेवढं नीट करा,’ ते म्हणाले. मी केलं, तर लेनन सौम्य झाला. त्यांनाही तो परका वाटला. मग ते म्हणाले, २००९च्या मोनो सीडीवरून तेवढं गाणं घेऊन जोडून द्या, कोणाला कळणार आहे? मला कळलं असतं. मग ती भावाची रेकॉर्ड राहिली नसती. मी १३ गाणी साफ करून दिली, चौदावं होतं तसंच ठेवलं. ते नाराज होऊन गेले. रेकॉर्ड त्यांची, भाऊ त्यांचा, मग मी अडून बसणारा कोण, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. पण त्या गाण्यातला चरचरीतपणा खाचेचा किती आणि लेननच्या घशाचा किती, हे मला वेगळं करता येत नाही, आणि जोवर येत नाही तोवर त्या अडीच मिनिटांना मी हात लावणार नाही.