टेबलावर किती बोलायचं

आमच्याकडचं मेनूकार्ड रोज सकाळी साडेअकराला छापतात. त्याआधी त्यात काय लिहायचं हे कोणालाच ठाऊक नसतं. अलिबाग तालुक्यात, समुद्रापासून जरा आत, नारळी-सुपारीच्या वाडीला लागून आमचं रेस्टॉरंट आहे. वाडीमागे भाजीचे वाफे, त्यापलीकडे भाताचं शेत. शेफ उजाडता उजाडता वाफ्यांतून एक फेरी मारतो, गावातून काय येणार आहे त्याचे फोन होतात, मग स्वयंपाकघरात दिवसाचं जेवण ठरतं. माझं काम त्यानंतरचं. मी फ्लोअर बघते. म्हणजे टेबलं, वाढप, बिलं, रुसवेफुगवे, आणि मुंबईहून आलेल्यांची परतीची बोट चुकू नये ही काळजी.

शेतातून थेट ताटात येणाऱ्या जेवणाबद्दल हल्ली खूप लिहून येतं. त्यात शेफ असतो, शेत असतं, फोटोत मातीने माखलेले हात असतात. स्वयंपाकघरातून बशा बाहेर देतात त्या पासपासून टेबलापर्यंतची वीसेक पावलं मात्र कोणाच्या लिहिण्यात येत नाहीत. आम्ही ती दिवसभर चालतो. या पावलांत बशीबरोबर तिची गोष्टही न्यावी लागते, कारण लोक तिचेही पैसे देत असतात. ती किती न्यायची, हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग.

ब्रीफिंगला सगळा स्टाफ उभा राहतो. शेफ एकेक पदार्थ पुढे ठेवतो, प्रत्येकाने चमचाभर चाखायचं आणि विचारायचं. आमची निम्मी मुलं आसपासच्या गावांतली आहेत. त्यांना वालाच्या शेंगेबद्दल काय सांगायचं असतं हेच कळत नाही, घरी तर रोज तेच शिजतं. उरलेली शहरातून कोर्स करून आलेली, त्यांना सगळंच सांगायचं असतं. पांढऱ्या कांद्याचे दिवस आले की याची परीक्षा होते. भात कापून झाल्यावर त्याच जमिनीत हा कांदा लावतात, काढला की पातीसकट वाळवून त्याच्या वेण्या घालतात, तिखटपणा इतका कमी की कच्चा खाता येतो, २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. यातलं अक्षरही खोटं नाही. पण एक मुलगा हे सगळं पाठ करून टेबलापाशी उभा राहिला आणि तो मानांकनापर्यंत येईतो तव्यावरून उतरलेली सुरमई निवून गेली. चौघं पाहुणे काटे हातात धरून, चेहऱ्यावर सौजन्य ठेवून ऐकत होते. शाळेत प्रमुख पाहुण्यांचं भाषण ऐकतात तसे.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: बशी ठेवताना एकच वाक्य, आणि तेही खाण्याच्या कामाचं. ‘कांदा कच्चाच आहे, आधी नुसता खाऊन बघा.’ बाकी सगळं माहीत हवं, पण विचारल्यावर. मुलांना वाटतं, मग एवढं शिकायचं तरी कशाला? मला मात्र नेहमी असं दिसतं की ज्याला खूप माहीत असतं तोच मुलगा थोडक्यात बोलतो. अर्धवट माहिती असलेला बोलत राहतो.

खरं तर हे वाढप्यांचं जुनं शास्त्र आहे. आमच्या पोयनाडच्या बाजूला लग्नाच्या पंगतीत वाढणारे बाप्ये मी लहानपणी पाहिले आहेत. ते जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नसत, पानाकडे बघत. भात संपत आला, आमटी ओघळली, भाजीला हात लागला नाही, हे सगळं पानावर लिहिलेलं असतं. हॉटेलच्या शिक्षणात आम्हाला नजरेला नजर द्यायला आणि हसायला शिकवलं. वाईट शिकवलं असं नाही, पण निवांत जेवायला आलेल्या माणसाकडे दर पाच मिनिटांनी कोणी हसून ‘सगळं ठीक आहे ना’ विचारलं तर तो निवांत कसा राहील? मी मुलांना लांबून पान बघायला सांगते. भाताचा एक घास उरला असताना ‘आणखी भात?’ विचारलं की ते बरोबर लागतं. पंगतीतला आग्रह मात्र आम्ही सोडून दिला. आमच्या वयस्कर मराठी पाहुण्यांना ते कोरडं वाटतं. एक आजोबा म्हणाले होते, ‘एकदाच विचारता होय?’ त्यांना दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही.

बाहेरून दिसणारी मोकळीक मांडणीत असते. आम्ही टेबलावर पांढरी चादर घालत नाही आणि काटे-सुऱ्या ओळीने मांडत नाही. मधोमध एका मडक्यात सगळं उभं करून ठेवतो, ज्याला हवं त्याने घ्यावं. हात धुवायचं बेसिन अंगणात, दिसेल असं ठेवलंय. हाताने जेवा असं कोणाला सांगितलं की तो लगेच अवघडतो, बेसिन दिसलं की आपणहून उठतो. थंडीत पोपटी लावतो तेव्हा हे फार उपयोगी पडतं. वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, मग शेंगा, ओवा, मीठ, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, तोंडाशी परत भांबुर्डा. पाणी नाही, तेल नाही. मडकं पालथं घालून भोवती जाळ. रायगडातल्या शेतांवर थंडीत हेच चालतं, आम्ही काही शोधून काढलेलं नाही. शेंग दातांनी ओढून खायची असते, त्याला काटाचमचा चालतच नाही. साड्या आणि लिनन सांभाळत आलेली माणसं पहिल्या दोन शेंगांनंतर बाह्या सरसावतात. त्या वेळी माझी मुलं टेबलापासून दूर असली पाहिजेत. खरकटी सालं उचलायची घाई करायची नाही.

पोपटी खपवावी लागत नाही. दुधी खपवावा लागतो. वाफे कोणाचं ऐकत नाहीत. एका आठवड्यात दुधी, पडवळ, शिराळी असे उतू जातात की कार्डावर तेच तेच येतं. मुंबईहून दोन तास खर्चून आलेल्याला तीन पदार्थांत दुधी दिसला की त्याचा चेहरा पडतो. तिथे मी स्तुती करत नाही. दुधीची स्तुती केली की संशय वाढतो. कोवळा, वीतभर दुधी सालासकट चिरून तुपावर नुसता परतलेला, त्याची छोटी वाटी न मागता आधी ठेवते. पुष्कळदा पुढचं काम होतं. एकदा एका बाईंनी बिल बघून स्पष्ट विचारलं, ‘दुधीला एवढे पैसे?’ मी सांगितलं, पैसे दुधीचे नाहीत. मोजकी टेबलं, दुपारी जेवायला बसलेल्याला चहापर्यंत कोणी उठवत नाही, बुधवारी निम्मी टेबलं रिकामी असतात तरी पगार पूर्ण द्यायचे. त्या हसल्या, बिल भरलं, पटलं की नाही ते त्यांनाच ठाऊक. मला स्वतःला हे उत्तर अर्धंच पटतं.

अमेरिकेत बर्कलीला ॲलिस वॉटर्स यांनी १९७१ मध्ये ‘शे पनीस’ नावाचं रेस्टॉरंट काढलं, शेतातून थेट ताटात या प्रकाराची सुरुवात तिथून सांगतात. खाली ठरलेलं एकच जेवण. वर १९८० पासून जरा मोकळंढाकळं कॅफे. तिथे गोड म्हणून कधी कधी नुसतं पिकलेलं फळ वाडग्यात ठेवतात. मी तिथे गेलेली नाही, पण ते फळ नेऊन ठेवणाऱ्या वेटरचा मला हेवा वाटतो. आम्ही मेमध्ये रायवळ आंबे असेच ठेवून पाहिले, न कापता, सोबत पाण्याचा वाडगा आणि मोठा नॅपकिन. मुंबईची माणसं खूश झाली. जवळच्याच गावातून मुलाच्या वाढदिवसाला आलेलं एक कुटुंब मात्र एकमेकांकडे बघत राहिलं. त्यांच्या दारात रायवळीचं झाड, खाली सडा पडलेला. तो आंबा त्यांना विकत देणं बरं दिसेना. मी उचलून नेला आणि आइस्क्रीम पाठवलं. त्यांना तेच हवं होतं. एकच बशी दोन टेबलांवर दोन वेगळे अर्थ घेऊन जाते, आणि हे स्वयंपाकघरातून दिसत नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: ‘सगळं तुमच्याच शेतातलं का?’ याचं उत्तर ‘नाही’ असं आहे आणि ते लगेच द्यायचं, अशी माझी सक्त ताकीद आहे. पावाचा गहू इथे होत नाही. चीज, तेल, साखर, कॉफी बाहेरची. कोंबड्या गावातल्या, मासे बंदरावरचे, जिताडा खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, तळ्यांतला. वाफ्यांतून भाजी येते, तीही पुरेल तेव्हा. २०१६ मध्ये फ्लोरिडात ‘टॅम्पा बे टाइम्स’च्या खाद्यसमीक्षक लॉरा रायली यांनी तिथल्या रेस्टॉरंटांच्या ‘स्थानिक’ म्हणवणाऱ्या मेनूंचा एकेक दावा तपासला. ज्या शेतांची नावं मेनूवर होती त्यांच्यापर्यंत त्या पोचल्या, आणि कित्येकांनी त्या रेस्टॉरंटला माल दिलेलाच नव्हता. ती बातमी मी स्टाफला वाचायला लावते. ताटातला जिन्नस चाखून कुठल्या शेतातला हे पाहुण्याला कळत नाही, त्याला फक्त आमच्या शब्दावर विसंबता येतं. आणि गंमत अशी की ‘नाही, पाव नाही आमचा’ म्हटलं की टेबल सैलावतं. मग लोक खरे प्रश्न विचारू लागतात.

काही गोष्टी विचारल्या तरी पटकन सांगवत नाहीत. आमच्या ओट्यावरून खारेपाटाच्या दिशेने बघत पाहुणे म्हणतात, किती सुखी असतील इथले शेतकरी. याच खारेपाटात, चरी गावात, २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी संप पुकारला. खोताच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, जमिनी कसायच्या नाहीत, असा. तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं शेतं पडीक आणि माणसं लाकडं विकून, मासे मारून जगलेली. संप चालू असतानाच १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. आमच्या घरांतून त्या उपासमारीच्या गोष्टी अजून निघतात. हे मी कार्डावर येऊ देणार नाही. शेफने एकदा ‘संपाचा भात’ अशी कल्पना काढली होती, ती मी हाणून पाडली. उपासाच्या गोष्टीचं तोंडीलावणं करून विकायचं नसतं. कोणी जेवून झाल्यावर, हात धुवून, खरोखर विचारलं तर मात्र खुर्ची ओढून बसते आणि सांगते. बोट चुकली तरी चालेल अशांनाच.

तसं बोटीचं गणित माझ्या डोक्यात चोवीस तास असतं. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद. भाऊच्या धक्क्यावरची रो-रो २०२० पासून सुरू झाली, ती हवा बरी असली तर चालते, नाहीतर वडखळमार्गे गाडी आणि ट्रॅफिक. त्यात १ जूनपासून मासेमारी बंद. म्हणजे पाहुणे कमी आणि ताजी मासळी जवळजवळ नाही, आणि नेमकं तेव्हाच जमीन सगळ्यात उदार असते. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटुली अशा रानभाज्या. आणि त्या सगळ्यांच्या आधी, पहिल्या सरींबरोबर शेवळं.

शेवळं वाढताना मी स्वतः टेबलावर जाते. वरचं आवरण काढायचं, आतला पिवळा भाग टाकून द्यायचा, काकड या रानफळांच्या आंबट रसात शिजवायचं, नाहीतर घसा खाजतो. आम्ही सोडे घालून करतो. इथे एक वाक्याचा नियम मोडते, कारण खाज हा खाण्याच्याच कामाचा मुद्दा आहे. नको असेल त्याने आधीच नको म्हणावं.

ही शेवळं डोंगराकडच्या वाडीवरून एक कातकरी बाई आणतात, काकडांची पुडी सोबत बांधून. शेफच्या मनात आहे की कार्डावर त्यांचं नाव छापावं: अमुक यांनी वेचलेली शेवळं. त्याचं म्हणणं, श्रेय द्यायला हवं. माझं म्हणणं, ते श्रेय त्यांच्यापर्यंत पोचत नाही, पाहुण्यांना खाताना बरं वाटावं म्हणूनच ते नाव असतं. शेवटी त्यांनाच विचारलं. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, नाव टाका नाहीतर नका टाकू, जुडीमागे पाच रुपये वाढवा. ते त्याच दिवशी वाढवले. नावाबद्दल शेफचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही. या मृगात पुन्हा होईल, आणि त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही हे मला ठाऊक आहे.