कातळावरचा लाल ठिपका

परवा कपाट आवरताना मागच्या कप्प्यात बुचाची एक लहान बाटली सापडली. आतले स्पिरिट केव्हाच उडून गेले होते. तळाशी तांबूस भुकटीसारखे काहीतरी चिकटले होते. "अहो, आता तरी हे टाकू का?" सौभाग्यवतींनी विचारले. प्राणिशास्त्र शिकविण्यात सारी उमेद खर्च केलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर चटकन देता यायला हवे होते. मला ते देता आले नाही.

आमचे छत्रपती संभाजीनगर मुळात खडकी नावाचे गाव. १६१० साली मलिक अंबराने तेथे शहर वसविले. ते जुने नाव किती सार्थ होते हे वेशीबाहेर पाऊल टाकले की कळते. शहराच्या दक्षिणेस, खंडोबाचे देऊळ असलेल्या सातारा गावामागे डोंगर आहे. त्याच्या पलीकडे काळा कातळ उघडा पडलेला असे. पावसाळ्यात त्याच्या खळग्यांत पाणी साचायचे आणि दिवाळीच्या सुमारास आटायचे; पुढे सात-आठ महिने नुसता तापलेला दगड. मी नुकताच व्याख्याता झालो होतो. एका श्रावणात अशाच एका परातीएवढ्या खळग्यापाशी फराळाचा डबा उघडून बसलो असता पाण्यातून एक लाल ठिपका लगबगीने जाताना दिसला. मोहरीच्या दाण्याहून लहान, आणि पाय मोजून आठ! मृगाच्या पहिल्या सरीनंतर शेतात मखमलीच्या तुकड्यासारखा जो लाल किडा फिरतो, त्याचाच हा पाण्यात राहणारा चुलतभाऊ, म्हणजे जलकोळी.

मला नवल वाटले ते त्याच्या रंगाचे नव्हे, बिऱ्हाडाचे. पाणी आटल्यावर हा जातो कोठे? उत्तर ग्रंथांत मिळाले. जलकोळ्याची अंड्यातून निघालेली पिले सहाच पायांची असतात. ती पाण्यातल्या एखाद्या किड्याच्या अंगाला चिकटून त्याच्या रसावर वाढतात. काही जातींची पिले तर पाण्यात राहणाऱ्या भुंगेऱ्याच्या पंखाखाली बसून सारा कोरडा काळ काढतात आणि तो उडत उडत नव्या पाण्यावर पोचला की तेथे उतरतात. यजमानाच्या पंखांवर आणि त्याच्याच खर्चाने यात्रा करणारे पाहुणे आपल्याला अगदीच अपरिचित नाहीत!

मी तीन-चार कोळी पकडून स्पिरिटात टाकले आणि पुढे एका वृद्ध अभ्यासकांना दाखविले. त्यांनी भिंगाखाली बराच वेळ पाहिले. "जात ओळखीची वाटत नाही," ते म्हणाले, "पण अहो, तुम्ही यांचे लाकूड केलेत." स्पिरिटात कोळी ताठरतो, ग्लिसरीन, ऍसेटिक आम्ल आणि पाणी यांच्या मिश्रणात ठेवला तर मऊ राहतो. मग त्याचे पाय आणि मुखावयव सुटे करून त्यांवरचा एकेक केस मोजता येतो. नव्या जातीचे वर्णन म्हणजे 'हा नवा दिसतो' असे म्हणणे नव्हे. आजवर वर्णन झालेल्या सगळ्या भाऊबंदांशी ताडून तो कशाने वेगळा ते दाखवायचे, चित्रे काढायची, एक प्रमाण नमुना संग्रहालयात कायमचा ठेवायचा, आणि मग नाव. "यांत नर आहे का? कोणत्या खळग्यातला? तारीख?" त्यांनी विचारले. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. "पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आणा."

पुढच्या पावसाळ्यात परीक्षेचे पेपर होते, त्यानंतरच्या पावसाळ्यात घरात आजारपण, तिसऱ्यात केवळ आळस. चौथ्या वर्षी गेलो तेव्हा खळगा नव्हता, कातळही नव्हता. तेथे खडी फोडण्याचे काम चालले होते. आज मी ज्या रस्त्याने महाविद्यालयात जातो, त्याखाली कदाचित तीच खडी असेल.

२०१४ साली रॉजर्स आणि पाध्ये या अभ्यासकांनी सह्याद्रीतील एका परी-कोळंबीचे वर्णन प्रसिद्ध केले. चार दिवसांच्या पावसाळी पाण्यात आयुष्य उरकणारा आणि कोरड्या चिखलात अंडी ठेवून जाणारा हा इवलासा जीव. 'स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस' हे त्याचे भारदस्त नाव वाचून मला आनंद झाला, आणि थोडे लाजल्यासारखेही झाले. कोणीतरी तेच प्रश्न वेळेवर विचारले होते आणि त्यांची उत्तरे लिहूनही ठेवली होती.

तरुणपणी मला वाटे, नाव देणे हा विद्वानांचा मिरविण्याचा सोहळा आहे. आता वाटते, ती साक्ष आहे. ज्याच्या जन्माची नोंद नाही, त्याच्या मृत्यूची नोंद कोणत्या वहीत होणार? माझा कोळी एखाद्या भुंगेऱ्याच्या पंखाखाली बसून दुसऱ्या कातळावर सुखरूप पोचला असेल, किंवा त्या खळग्याबरोबरच संपला असेल. यांपैकी काय झाले हे मला सांगता येत नाही. कारण तो कोण होता हेच मी सांगून ठेवले नाही.

बाटली मी टाकू दिली नाही. तिच्यावर चिठ्ठी चिकटविली : 'साताऱ्याचा डोंगर, कातळावरील खळगा, श्रावण.' पुढे साल लिहावे म्हणून टाक उचलला. पण ते काही केल्या नक्की आठवेना. तेवढी जागा कोरी आहे.